नरक्याला बाधलेला गुण

झाड औषधी आहे हे लोकांना एकदा पटले की ते आपोआप राखले जाते, ही आपल्याकडची फार लाडकी समजूत आहे. वनमहोत्सवाच्या भाषणात, शाळेच्या आवारातल्या झाडांवर ठोकलेल्या पाट्यांवर, देवराईच्या माहितीपत्रकात ती इतक्या सवयीने येते की तिला पुरावा विचारावा असे कोणाच्या मनातही येत नाही. जंगल म्हणजे औषधांचे कोठार, ते तोडले तर उद्याचे औषध गेले, हा युक्तिवाद कानाला बिनतोड लागतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्व कडेला, सह्याद्रीच्या उतारांवर आणि माथ्यावरच्या रानात वाढणाऱ्या नरक्या नावाच्या एका किरकोळ झाडाने मात्र गेल्या पन्नास वर्षांत नेमका उलट दाखला दिला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे. गुणाचा शोध लागला की झाडाला किंमत येते, राखणदार येतोच असे नाही. आणि किंमत आधी पोचली, राखणदार मागून आला, तर मधल्या काळात झाड संपते. ते तगेल की जाईल हे त्याच्यातला रेणू किती मोलाचा आहे यावर ठरत नाही. तो रेणू झाडाच्या कोणत्या भागात आहे, तो भाग भरून यायला किती वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे थांबण्यात कोणाचा फायदा आहे, या तीन प्रश्नांवर ते ठरते.

१. झाड जुने, रेणू नवा

नरक्या, काही भागांत अमृता. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना. जुन्या पुस्तकांत मापिया फीटिडा. सदाहरित आणि निमसदाहरित रानात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे हे लहान झाड. फुलांना उग्र, नकोसा वास, फळ जांभळट काळे, एका बीचे. इमारतीला लाकूड चालत नाही, फळाला बाजार नाही, सावलीसाठी कोणी परसात लावत नाही. जॉन ग्रॅहम यांनी १८३९ मध्ये मुंबई आणि परिसरातील वनस्पतींची सूची छापली तेव्हापासून ते कागदोपत्री आहे. पण पुढची सव्वाशे वर्षे वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांपलीकडे त्याची दखल कोणी घेतली नाही. आणि त्या सव्वाशे वर्षांत ते रानात सुखरूप होते, ही गोष्ट या युक्तिवादात महत्त्वाची आहे.

रेणूची कथा दुसरीकडे सुरू होते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या संशोधन संस्थेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडापासून कॅम्टोथेसिन हा अल्कलॉइड वेगळा केला आणि १९६६ मध्ये त्याची रचना जाहीर केली. वाणी हे नंदुरबारला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. पुढे १९७१ मध्ये याच जोडीने टॅक्सॉलची रचनाही मांडली. कॅन्सरवरच्या दोन महत्त्वाच्या औषधकुळांचे मूळ ज्याच्या प्रयोगशाळेत आहे, त्या खानदेशी माणसाचे नाव महाराष्ट्रात किती जणांना ठाऊक आहे, हे न विचारलेले बरे. त्यानंतर १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात काम करताना हाच रेणू आपल्या नरक्यात असल्याचे दाखवले, तोही चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात. एका निनावी झाडाचे भाग्य उजळले असे त्या वेळी कोणाला वाटले असेल, तर नवल नाही.

इथे एक बारकावा आहे. नरक्या आणि ते चिनी झाड वनस्पतिकुळाने एकमेकांचे जवळचे नातलग नाहीत. सह्याद्रीत आढळणाऱ्या ओफिओऱ्हायझा या लहान वनस्पतीतही हा रेणू सापडतो, आणि तिचे कूळ आणखी तिसरेच. म्हणजे हा रेणू नरक्याची खासियत नाही. बाजाराला नरक्या नकोच आहे, त्याला कॅम्टोथेसिन हवे आहे. झाडाच्या नावाने जो गौरव आपण करतो तो बाजाराच्या दृष्टीने कच्च्या मालाच्या एका स्रोताचा गौरव असतो, आणि एक स्रोत आटला की खरेदीदार पुढच्या स्रोताकडे वळतो.

२. रेणू म्हणजे औषध नव्हे

‘या झाडात कॅन्सरवरचे औषध आहे’ हे वाक्य वर्तमानपत्रांत नेहमी येते आणि ते चुकीचे आहे. झाडात कॅम्टोथेसिन आहे, औषध नाही. या दोहोंमधले अंतर कापायला तीस वर्षे लागली. कॅम्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते विरघळावे म्हणून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे सोडियम लवण करून रुग्णांवर चाचण्या झाल्या. त्यात मूत्राशयातून रक्तस्राव, तीव्र जुलाब, रक्तपेशींची घसरण असे परिणाम दिसले आणि चाचण्या गुंडाळाव्या लागल्या. या रेणूच्या टोकाला एक बंद कडे आहे, रसायनशास्त्रात त्याला लॅक्टोन म्हणतात. लवण करताना ते कडे उघडते आणि कडे उघडले की रेणूचा जोर जातो. विद्राव्यता मिळवताना परिणामकारकताच गमावली होती.

गाडी रुळावर आली ती १९८५ मध्ये, रेणूचे नेमके काम कळल्यावर. पेशी विभागताना डीएनएचा पीळ सैल करायला टोपोआयसोमरेज-१ नावाचे विकर एक धागा तात्पुरता तोडते आणि पुन्हा जोडते. कॅम्टोथेसिन त्या तुटलेल्या जागी पाचर मारल्यासारखे बसते. धागा जोडला जात नाही, डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन आदळते आणि पेशी मरते. भराभर विभागणाऱ्या पेशींना हा फटका अधिक बसतो, म्हणून कॅन्सर. आणि अस्थिमज्जा व आतड्याच्या पेशीही भराभर विभागतात, म्हणून दुष्परिणाम. हे कळल्यावर मूळ रेणूत फेरफार करून विरघळणारी रूपे तयार झाली. इरिनोटेकनला जपानमध्ये १९९४ मध्ये आणि अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली, टोपोटेकनलाही अमेरिकेत १९९६ मध्येच. मोठ्या आतड्याच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरवर ही औषधे आज सर्रास वापरली जातात. गेल्या काही वर्षांत स्तनाच्या कॅन्सरवर आलेल्या काही प्रतिपिंड-औषधांच्या पोटातही याच कुळातला रेणू बसवलेला असतो.

एवढे तपशील देण्याचे कारण दुहेरी आहे. पहिले व्यवहाराचे: नरक्याच्या पानांचा किंवा सालीचा काढा घरी करून कॅन्सर बरा होईल असे सांगणारा माणूस धोकादायक सल्ला देतो आहे. त्या काढ्यात किती रेणू उतरला ते मोजता येत नाही, आणि उतरला तर तो फेरफार न केलेला, विषारी रूपातला असतो. दुसरे कारण युक्तिवादाचे. मूल्य कुठे तयार झाले ते पाहा. रचनेचा शोध नॉर्थ कॅरोलायनात, नरक्यातला शोध गोरेगावात, फेरफार जपान-अमेरिकेच्या कंपन्यांत, चाचण्या मोठ्या रुग्णालयांत. या साखळीतल्या प्रत्येक कडीला तिच्या कामाचा मोबदला मिळाला, पेटंट मिळाले किंवा नाव मिळाले. पहिल्या कडीला, जिथे झाड उभे होते त्या डोंगराला, लाकडाचा भाव मिळाला. वजनावर.

३. वाळक्या लाकडाचा हिशेब

नरक्याच्या वाळलेल्या लाकडात कॅम्टोथेसिनचे प्रमाण ढोबळ मानाने ०.१ ते ०.३ टक्के. म्हणजे हजार किलो वाळके लाकूड द्या, एक ते तीन किलो रेणू घ्या. तेही कारखान्यातली गळती सोडून. पानांपेक्षा खोडात जास्त, खोडापेक्षा मुळात जास्त. एका झाडात आणि शेजारच्या झाडात कित्येक पटींचा फरक पडतो. या चार आकड्यांतून झाडाचे नशीब जवळपास गणितासारखे निघते. पानांत पुरेसा रेणू असता तर छाटणी करून भागले असते. फळात असता तर झाड उभे ठेवण्यात फायदा होता. तो खोडात आणि मुळात आहे, म्हणून झाड तोडणे पुरेसे नाही, उपटणे जास्त किफायतशीर. नरक्या बुंध्याशी तोडला तर त्याला धुमारे फुटतात, पाचदहा वर्षांत पुन्हा उभा राहू शकतो. मूळ खणले तर तो पर्यायही संपतो.

त्यात आणखी एक नुकसान लपलेले आहे. रानातून निघालेल्या ढलप्या गोण्यांत एकत्र होतात. कोणत्या झाडात रेणू भरपूर होता आणि कोणते नुसते लाकूड होते, हे गोणीत पडल्यावर कायमचे अज्ञात राहते. पुढे लागवड करायची झाली तर ज्या झाडांचे बी हवे होते, तीच कदाचित पहिल्या खेपेला गेली. तपासणी अवघड आहे म्हणावे, तर तसेही नाही. ढलपीचा अल्कोहोलमधला अर्क सिलिकाच्या पट्टीवर थेंबभर सोडून अतिनील दिव्याखाली धरला, तर कॅम्टोथेसिन लख्ख निळे चमकते. प्रयोगशाळेत ही रोजची गोष्ट आहे. तपासणी नाक्यावर मात्र जळाऊ लाकडाच्या खाली रचलेली गोणी डोळ्यांनी ओळखायची असते आणि चिरून वाळवलेले नरक्याचे पांढरट लाकूड इतर कोणत्याही रायवळ लाकडासारखेच दिसते.

आता याच डोंगरातला बेहडा पाहा. त्याच्या फळात गॅलिक आम्ल, इलॅजिक आम्ल, टॅनिने आहेत. रसायनाच्या दृष्टीने त्यात दुर्मीळ काही नाही. असली द्रव्ये शेकडो झाडांत मिळतात. त्रिफळ्यातला एक घटक म्हणून त्याला मागणी आहे, भाव बेताचाच. पण फळ दर वर्षी येते, गळून पडते, वेचावे लागते, झाडाला धक्का लागत नाही. देवरुख परिसरात अनेक वर्षे काम करणाऱ्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने उत्तर सह्याद्रीत हिरडा-बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवून दिले. ते मिळवताना फळे किती वेचायची, किती रानासाठी सोडायची याचे नियम आले आणि जुने बेहडे उभे ठेवण्याला पैशाचा आधार मिळाला. त्या जुन्या झाडांच्या ढोलीत महाधनेश घरटे करतो. रेणू साधा, झाड शाबूत. नरक्याचा रेणू जगभर मोलाचा, झाड मात्र दक्षिण भारतातल्या तज्ज्ञांच्या मूल्यमापनात धोक्यातल्या गटात. रेणूचे मोल झाडाला वाचवते हे खरे असते, तर हे चित्र उलटे दिसायला हवे होते.

सप्तरंगी या वेलीचीही गत नरक्यासारखीच. मधुमेहावर तिच्या मुळाचा काढा कोकणात देतात. १९९७ मध्ये जपानमध्ये सप्तरंगीच्या जवळच्या वेलीतून सॅलासिनॉल वेगळे केले गेले, जे आतड्यात पिष्टाची साखर होण्याची क्रिया मंदावते. गुण बहुधा खरा. पण तो मुळात. वेल उपटली की संपली.

४. थांबण्यात कोणाचा फायदा

तिसरा प्रश्न मालकीचा, आणि इथे रत्नागिरीची स्थिती महाराष्ट्राच्या इतर भागांहून वेगळी आहे. जिल्ह्यात सरकारी राखीव वन अगदी थोडे. डोंगर बहुतेक खासगी मालकीचे. सातबारावर दहा-पंधरा नावे, त्यांतली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. अशा डोंगराचा ठेका जळाऊ लाकडासाठी उक्ता दिला जातो. ठेकेदार सगळे उतरवतो, प्रत्येक हिस्सेदाराच्या वाट्याला फुटकळ रक्कम येते. या व्यवहारात नरक्या असल्याचे मालकाला अनेकदा ठाऊकही नसते. ज्याला ठाऊक असते, तो ठेकेदार. ज्ञान एकाकडे, मालकी दुसऱ्याकडे आणि वाट पाहण्याची ताकद कोणाकडेच नाही. पंधरा वर्षांनी हे झाड जास्त देईल असे पंधरा हिस्सेदारांना सांगून काय उपयोग, जर त्यांतल्या प्रत्येकाला दुसरा आधी तोडेल अशी खात्री असेल?

कायद्याने काय केले? महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ चा. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, हिरडा, खैर अशी बाजाराला तेव्हा ठाऊक असलेली झाडे आली. नरक्याला त्या वेळी मोलच नव्हते. जैवविविधता कायदा २००२ मध्ये आला, म्हणजे गोरेगावच्या शोधानंतर तीस वर्षांनी. त्यात स्थानिकांना लाभाचा वाटा देण्याची तरतूद आहे. २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना त्या वाटणीतून मोकळीक दिली. लागवडीला उत्तेजन हा हेतू चांगला, पण वाळलेल्या ढलपीवर ‘लागवडीतली’ असा शिक्का मारणे किती सोपे आहे, हे वर सांगितलेल्या नाक्यावरच्या गोणीवरून समजावे.

५. आक्षेप

पहिला आक्षेप परंपरेचा. आयुर्वेदाने हजारो वर्षे झाडे वापरली, ती संपली नाहीत. दोष आधुनिक रसायनाचा, औषधी उपयोगाचा नव्हे. यात अर्धे तथ्य आहे. गावच्या वैदूची गरज मूठभर असते आणि त्याला पुढच्या वर्षीही त्याच झाडाकडे यायचे असते. वर विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथे आपोआप मिळते. पण आज आयुर्वेदिक औषधेही कारखान्यात बनतात आणि सीता अशोकाची साल ट्रकने लागते. साल सोलली की अशोकही मरतो, त्याला सोलणारा कोणत्या पॅथीचा होता याने फरक पडत नाही. शिवाय नरक्याला आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांची ढालही नाही. त्याची ख्याती सर्वस्वी प्रयोगशाळेची.

दुसरा आक्षेप: नाही तरी जळाऊ लाकडाच्या तोडीत ते गेलेच असते. हा आक्षेप वजनदार आहे. सरसकट तोडीत नरक्या इतरांबरोबर जातो, यात शंका नाही. पण जळाऊ लाकडाचा ठेकेदार बुंधा ठेवतो, धुमारे येतात. शिवाय त्याला गाडीरस्ता लागतो. वाहतूक परवडत नाही अशा घळीत तो उतरत नाही. रेणूसाठी येणारा माणूस एका झाडासाठी डोक्यावर ओझे घेऊन त्याच घळीतून वर चढतो, आणि संरक्षित वनाची हद्दही ओलांडतो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालची माथ्यावरची राने नरक्याची हक्काची जागा. किंमत तिथपर्यंत पोचते.

तिसरा आक्षेप लागवडीचा. लावा म्हणजे प्रश्न मिटला. लावायलाच हवे, पण जोवर रानातली ढलपी फुकट पडते, तोवर दहा वर्षे वाढवलेली ढलपी भावात तिच्याशी टिकत नाही. लागवड रानाला वाचवते असे नसून, आधी रान बंद झाले तर लागवड परवडते. क्रम उलटा लावला की रोपवाटिकेची अनुदाने तेवढी संपतात.

चौथा आक्षेप सर्वांत आकर्षक: विज्ञानच झाडाला सोडवील. २००५ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी शोधली, जी स्वतः कॅम्टोथेसिन बनवते. बुरशी टाकीत वाढवा, झाड मोकळे. प्रत्यक्षात अशा बुरशीची प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या लागवड केली की रेणू बनवण्याची तिची क्षमता घटत जाते, झाडापासून तुटल्यावर काहीतरी हरवते असे दिसते. उद्या हा अडथळा दूर झालाच, तर तोड थांबेल हे मी मान्य करतो. मात्र त्या दिवशी नरक्या पुन्हा १८३९ च्या स्थितीत जाईल: कोणालाच नको असलेले झाड. ‘औषधी म्हणून राखा’ म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी काय म्हणायचे, हे आजच ठरवायला हवे, कारण त्यांच्या युक्तिवादाप्रमाणे त्यानंतर त्याला तोडायला हरकत उरत नाही.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे. आतड्याच्या कॅन्सरचा रुग्ण समोर असताना झाडाचे काय घेऊन बसलात? माणूस आधी, हे निर्विवाद. पण रुग्णाच्या हिताचा मुद्दा इथे तोडीच्या बाजूने उभा राहत नाही. औषध दर वर्षी लागणार आहे. ज्यांत रेणू अधिक आहे अशी झाडे शोधून त्यांचे बी राखणे, बुंध्याशी तोडून धुमाऱ्यांवर पुन्हा यायची सोय ठेवणे, यातच पुढच्या रुग्णाचा पुरवठा आहे. मुळासकट उपटणाऱ्याने आजच्या रुग्णालाही जास्त औषध दिलेले नाही, त्याने फक्त स्वतःचा दुसरा हेलपाटा वाचवला.

६. नोंदवहीतला रकाना

ग्रामपंचायतींकडे लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत. त्यांत वनस्पतीचे नाव, स्थानिक नाव आणि उपयोग असे रकाने भरलेले असतात. नरक्यापुढे ‘कॅन्सर’ असे लिहिले की नोंद पूर्ण झाली असे मानले जाते. ही माहिती नेमकी त्याच माणसाच्या कामाची आहे, ज्याच्यापासून झाड वाचवायचे आहे. त्याऐवजी कोणता भाग घेतला जातो, घेतल्यावर झाड फुटते की मरते, फुटायला किती वर्षे लागतात, झाड कोणाच्या सातबाऱ्यात आहे आणि हिस्सेदार किती, एवढे चार रकाने भरले आणि झाडाची नेमकी जागा जाहीर न करता जैवविविधता समितीपुरती ठेवली, तर ठेका सुटण्याआधी हिस्सेदारांना एकत्र बसवता येईल. बुंधा ठेवण्याची अट ठेक्याच्या कागदात घालता येईल, मुळे खणल्यास रक्कम कापता येईल. रत्नागिरीतल्या बहुतेक डोंगरांसाठी असा कागद करायला नवा कायदा लागत नाही. खासगी करार पुरतो, आणि तो करायचा अधिकार सातबाऱ्यावरच्या नावांना आजही आहे.